घाम लपवायचा की वाळवायचा?

पत्रलेखिकेचं वय 49. गेले सात महिने पाळी आलेली नाही. दिवसातून सहा-सात वेळा अचानक छातीपासून वाफ चढते, मान आणि कानशिलं तापतात, पाठीवरून घाम ओघळतो आणि पाचेक मिनिटांनी उलट थंडी वाजते. काम प्रशिक्षण देण्याचं, म्हणजे रोज तीन-चार तास वीस-पंचवीस जणांसमोर उभं राहून बोलायचं. ऐन उन्हाळ्यात एकदा राखाडी कुडत्यावर काखेपासून कमरेपर्यंत ओले डाग उमटले आणि पहिल्या रांगेतल्या एका मुलाने विचारलं, "मॅडम, बरं नाहीये का?" तेव्हापासून त्या प्रत्येक कुडत्यावर काळा श्रग चढवतात. मुलगी म्हणते, बिनबाह्यांचं घाल. मोठी बहीण म्हणते, सगळ्यांनाच होतं, सहन कर. त्यांनी विचारलंय: "मी कायम कॉटनच घालते, तरी हे असं. घाम आला तरी कुणाला कळणार नाही असं एखादं कापड असतं का? आणि या वयात बिनबाह्यांचं बरं दिसेल का?"

ताई,

तुमच्या पत्रात मी त्या काळ्या श्रगपाशी अडखळले. बाहेर ऊन, आत वाफा आणि वर श्रग! हसले मात्र नाही, कारण माझ्याही कपाटात असं एक निळं जाकीट होतं. दोन उन्हाळे मी ते अंगावर वागवलं. का, तर पाठ ओली झालेली दिसू नये म्हणून. आणि पाठ ओली का व्हायची, तर त्या जाकिटामुळे. हे कळायला मला दोन उन्हाळे लागले, यावरून माझी हुशारी ओळखा.

आपण एकच गोष्ट विचारतोय असं तुम्हाला वाटतंय, पण तुमच्या पत्रात दोन प्रश्न एकमेकांत अडकलेत. घाम दिसू नये म्हणून काय घालू, हा एक. उकडू नये म्हणून काय घालू, हा दुसरा. आणि या दोघांचं आपसात पटत नाही. घाम लपवायचा तर कापड जाड हवं, अस्तर हवं, वर आणखी एक थर हवा. उकाडा कमी करायचा तर यातलं एकही नको. तुम्ही गेले काही महिने पहिल्या प्रश्नाचं उत्तर अंगावर घालून फिरताय आणि दुसऱ्याचं उत्तर का मिळत नाही म्हणून हैराण होताय. माझं ऐकाल तर घाम लपवण्यापेक्षा तो लवकर वाळेल कसा, याकडे बघा. वाळलेला घाम आपोआपच दिसत नाही.

आधी त्या पाच मिनिटांत शरीरात काय होतं ते थोडक्यात सांगते, म्हणजे पुढचं सगळं त्यावर ताडून बघता येईल. शरीराचं तापमान सांभाळणारं केंद्र मेंदूत असतं, हायपोथॅलॅमसमध्ये. एरवी तापमान किंचित वर-खाली झालं तर ते केंद्र तिकडे काणाडोळा करतं. पाळी जायच्या काळात इस्ट्रोजेन हे संप्रेरक (हार्मोन) उतरायला लागलं की त्या केंद्राची ही सहनशक्ती संपते. एखाद्या अंशाचा छोटासा भाग इतकी वाढसुद्धा त्याला आग लागल्यासारखी वाटते. मग हुकूम सुटतात: त्वचेखालच्या रक्तवाहिन्या फुलवा, घाम सोडा, उष्णता बाहेर फेका. म्हणून चेहरा लाल होतो, छाती धडधडते. बहुतेक वेळा एक ते पाच मिनिटांत हे आवरतं, पण तोवर गरजेपेक्षा जास्त उष्णता बाहेर गेलेली असते आणि अंगात ओले कपडे असतात. तुम्हाला नंतर हुडहुडी भरते ती त्यामुळे. म्हणजे कपड्याला दोन कामं करायची आहेत. वाफ आली की तिला वाट द्यायची आणि वाफ गेल्यावर अंगाला ओलं चिकटून बसायचं नाही. जे कापड पहिलं काम झकास करतं, ते दुसऱ्यात कच्चं निघू शकतं.

एक गोष्ट आधीच सांगून टाकते, कारण जाहिराती ती सांगत नाहीत. कपडे बदलून हॉट फ्लश, म्हणजे या वाफा, कमी होत नाहीत. रजोनिवृत्तीवर काम करणाऱ्या उत्तर अमेरिकेतल्या 'मेनोपॉज सोसायटी' या तज्ज्ञ संस्थेने 2023 साली संप्रेरकांशिवायच्या उपायांचा आढावा घेतला, तेव्हा थंडाव्याचे उपाय उपचार म्हणून सुचवता येतील इतका पुरावा त्यांना दिसला नाही. कपड्यांनी होतं ते इतकंच की आलेली वाफ सुसह्य होते. हे 'इतकंच' दिवसातून सात वेळा मिळणार असेल, तर मला ते कमी वाटत नाही. पण 'मेनोपॉजसाठी खास' असं लेबल लावून कुणी दुप्पट किमतीला गाऊन विकत असेल, तर लेबलाचे पैसे वाचवा.

आता तुमचं "मी तर कॉटनच घालते". ताई, तो राखाडी कुडता कपाटातून काढा आणि उलटा करा. आतून गुळगुळीत, चकचकीत, हाताला थंड लागणारं अस्तर आहे का? बहुतेक असेलच. तयार कुडत्यांना बाहेरून सुंदर सुती कापड आणि आतून पॉलिएस्टरचं अस्तर, हा प्रकार सर्रास चालतो आणि लेबलावर मोठ्या अक्षरांत 'कॉटन' एवढंच असतं. माझ्या लक्षात आलं ते असंच. एकदा घरी येऊन कुडता काढताना बाही सहज निघाली आणि अस्तर मात्र दंडाला चिकटून राहिलं, वल्कल सोलावं तसं सोलून काढावं लागलं. दिवसभर माझ्या अंगाला सुताचा एक धागाही लागला नव्हता. दुसऱ्या दिवशी कात्री घेऊन खांद्याजवळची आणि काखेतली शिवण उसवली, अस्तर काढून टाकलं. कुडता थोडा पारदर्शक झाला, म्हणून आत सुती शमीज घातली. तोच कुडता, तोच उन्हाळा, पण जिवाला केवढा आराम! शिवून घेत असाल तर शिंप्याला निक्षून सांगा, अस्तर लावायचंच असेल तर मलमलीचं लाव, नाहीतर लावू नकोस.

सूत आणि पॉलिएस्टर यांत फरक कुठे पडतो, तर ओलावा धरण्यात. नेहमीच्या हवेत सुती धागा स्वतःच्या वजनाच्या साधारण 8 टक्के ओलावा मुरवून घेतो, पॉलिएस्टरचा धागा अर्धा टक्कासुद्धा नाही. लिनन आणि व्हिस्कोस (झाडांच्या लगद्यापासून केलेला धागा) सुतापेक्षाही जास्त घेतात. म्हणून सूत अंगाला बरं वाटतं. पण मुरवून घेतलेलं पाणी ते लवकर सोडत नाही, ही त्याची खोड. घामाने चिंब झालेला जाड सुती कुडता तासभर ओलाच राहतो आणि मग ती हुडहुडी. यावर उतारा म्हणजे पातळ आणि मोकळ्या विणीचं सूत: मलमल, वॉइल, विरळ विणीचं हातमागाचं कापड, हलकं लिनन. 'बांबूचं कापड' म्हणून जे मिळतं तेही बहुतेकदा बांबूच्या लगद्यापासून केलेलं व्हिस्कोसच असतं. मऊ असतं, छान पडतं, जादू वगैरे काही नसते. आणि पॉलिएस्टर सगळंच टाकाऊ असंही नाही. खेळाडूंसाठी विणलेलं जाळीदार कापड घाम पसरवतं आणि झटपट वाळतं. चालायला जाताना मी तेच घालते. फक्त त्याला घामाचा वास धरतो, म्हणून घरी आल्या आल्या धुवायला टाकते.

दुकानात लेबलावर विसंबू नका. कापडाला तोंड लावून फुंकर मारा (चोळी आणि मास्क दोन्ही शिवून झालेल्या एका शिंपीणबाईंनी मला हे शिकवलं). पलीकडे धरलेल्या तळहाताला फुंकर लागली तर वाफही त्यातून जाईल. कापड उजेडासमोर धरून वीण किती मोकळी आहे ते बघा. घरी आणून एकदा धुतलं की पाण्याचा थेंब टाकून बघा. लगेच पसरून मुरला तर चांगलं, मोत्यासारखा वर बसून राहिला तर घामाचंही तेच होणार. नवं कापड न धुता हे करू नका, त्यावरच्या प्रक्रियेमुळे सूतही थेंब झिडकारतं. अजूनही शंका असेल तर शिवणीच्या आतल्या बाजूने कापडाच्या कडेचा एक धागा (शिवणदोरा नव्हे) काढून चिमट्यात धरून, मोरीत उभं राहून जाळा. सूत कागदासारखं जळतं आणि राख चुरडली जाते. पॉलिएस्टर वितळून त्याची कडक गोळी होते. आणि हो, धुताना कपडे मऊ करणारं ते सुगंधी द्रव घालणं बंद करा. त्याचा थर धाग्यावर बसतो आणि पाणी शोषणं कमी होतं. टॉवेलच्या बाबतीत तुम्हाला याचा अनुभव आला असेल.

कापडाइतकंच, मला तर वाटतं कापडापेक्षाही जास्त, महत्त्व आहे मापाला. 1980 साली 'नेचर' या विज्ञान नियतकालिकात एक मजेशीर शोधनिबंध आला होता. वाळवंटातले बेदुइन लोक काळे झगे का घालतात, हा त्याचा विषय. संशोधकांनी भर उन्हात एकाच माणसाला कधी काळा, कधी पांढरा झगा घालून उभं केलं. काळ्या कापडाने ऊन जास्त शोषलं, हे उघडच आहे. पण अंगापर्यंत पोचलेली उष्णता दोन्हींत सारखीच निघाली. झगा ढगळ असल्यामुळे आतून हवा खेळत राहिली आणि जास्तीची उष्णता त्वचेला लागायच्या आतच निघून गेली. यातून आपण काय घ्यायचं, तर अंग आणि कापड यांच्यामध्ये दोन बोटं जागा हवी. काखेत, पाठीवर, पोटावर. आणि हवेला शिरायला खालून घेर, बाहेर पडायला वरून गळा हवा. घट्ट लेगिंग्ज, अंगासरशी बसणारा कुडता आणि बंद गळा यांत मलमलसुद्धा काही करू शकणार नाही. या वयात अनेकींची कंबर आणि छाती भरते, पण कपडे जुन्या मापाचे राहतात. ते जुनं माप हट्टाने धरून ठेवू नका. एक माप मोठं घेतल्याने कुणी जाड दिसत नाही. घट्ट कुडत्याच्या शिवणी ताणल्या जातात, त्याने मात्र दिसतं.

दमट हवेत मात्र मोकळा कपडाही हात टेकतो, कारण घाम वाळायला आजूबाजूची हवा कोरडी लागते. तिथे पंखा हवाच. बोलायला उभ्या राहता ती जागा पंख्याखाली किंवा खिडकीजवळ घ्या. टेबल सरकवायला कुणाची परवानगी लागत नाही.

डागांबद्दल तुम्ही विचारलंयत तर तेही सांगते. राखाडी हा घामाचा सगळ्यात मोठा चहाडखोर रंग. पाठोपाठ फिकट निळा आणि सगळे मधले रंग, जे ओले झाले की एकदम गडद होतात. पांढरा, अगदी गडद निळा, काळा यांत डाग कमी कळतात. बारीक, दाट छापाच्या कापडात तर जवळजवळ नाहीच. पातळ मलमलीवर बारीक फुलं किंवा ठिपके, एवढ्याने तुमच्या दोन्ही प्रश्नांची जी काय तडजोड होऊ शकते ती होते. अजून पाळी अधूनमधून अवचित येईल अशी धास्ती असेल तर खाली गडद, वर फिकट ठेवा.

आता बाह्या. मुलगी म्हणते ते पूर्ण खरं नाही आणि तुमची शंकाही मला पटत नाही. बिनबाह्यांच्या कपड्यात दंड मोकळा राहतो, पण काखेत कातडीला कातडी लागते, घाम टिपायला काहीच नसतं आणि तो थेट बरगड्यांवरून खाली उतरतो. त्यात मुंढा घट्ट असेल तर विचारूच नका. पुष्कळ जणींना कोपरापर्यंतची, खूप सैल बाही जास्त मानवते. ती घाम टिपते आणि हात हलला की हवा आत ढकलते. उन्हात फिरायचं असेल तर दंड झाकलेला बराच. तेव्हा दोन्ही घरी घालून बघा, दहा मिनिटं काम करा, हात वर करून कपाटावरचा डबा काढा आणि ठरवा. बिनबाह्यांचं सोयीचं वाटलं तर घाला. "या वयात" या शब्दांपाशी मात्र जरा थांबा. जेव्हा अंगातून वाफा येत नव्हत्या तेव्हा बिनबाह्यांचं चाललं असतं आणि आता खरोखर गरज आहे तेव्हा वय आडवं येतं, हा कुठला हिशेब? दंड सैल झालेत म्हणून लाज वाटत असेल तर तसं स्पष्ट म्हणा, मग त्यावर बोलता येईल. वयाचं नाव पुढे करू नका.

थरांबद्दल एक सल्ला तुम्ही ऐकला असेल: एकावर एक कपडे घाला आणि उकडलं की काढत जा. हा सल्ला थंड हवेतला. आपण भर उन्हाळ्यात काढून काढून काढणार काय? पण त्यात एक कामाची गोष्ट आहे. वरचा थर असलाच तर तो समोरून उघडणारा हवा, डोक्यातून काढावा लागणारा नको. वाफ आल्यावर भर वर्गात डोक्यातून काही उपसता येत नाही. एसी असलेल्या खोलीत काम असेल तर श्रगऐवजी पातळ सुती सदरा, बटणं उघडी, किंवा मोठी सुती ओढणी. गळा व्ही किंवा पसरट. मानेवरचे केस वर बांधलेले. मानेभोवती जाड माळा नकोत. एक छोटा सुती रुमाल ओला करून, पिळून डबीत ठेवा. वाफ चढायला लागली की मानेच्या मागे धरायचा. पाणी उडून जाताना उष्णता घेऊन जातं, कपड्याचा सगळा खटाटोप ज्यासाठी चाललाय तेच हा रुमाल एका मिनिटात करतो.

आतले कपडे आपण विसरतो आणि गोम तिथेच असते. फोमची ब्रा म्हणजे छातीला बांधलेली उशी. बिनफोमची, सुती, रुंद पट्ट्याची घ्या आणि माप पुन्हा मोजून घ्या. स्तनांच्या खाली घाम साचून कातडी लाल होत असेल तर तिथे पावडर थापू नका, ओली होऊन तिचे गोळे होतात आणि घासतं. कोरडं टिपा, घडीत मलमलीचा पट्टा ठेवा. खाज आणि वास असेल तर तो बुरशीचा संसर्ग असू शकतो, त्यावर मलम मिळतं. खालचे कपडेही सुती आणि सैल. या काळात तिथली त्वचा कोरडी, नाजूक होते आणि सिंथेटिक घट्ट कपड्याने चुरचुरते. साडी नेसत असाल तर सुती साडीच्या आत सॅटिनचा परकर आणि अस्तराचा पाठबंद ब्लाउज आहे का, ते बघा. साडीला बिचारीला उगाच दोष जातो.

रात्रीसाठी फार काही लिहीत नाही. सैल सुती गाऊन, आणि तसाच दुसरा उशाशी घडी करून ठेवलेला, म्हणजे मध्यरात्री दिवा लावून कपाट उघडावं लागत नाही. पांघरूण एक जाड असण्यापेक्षा दोन पातळ.

त्या पहिल्या रांगेतल्या मुलाकडे येते. त्याने विचारलं ते काळजीने, आणि तुम्ही ऐकलं ते 'सगळ्यांना दिसलं' असं. 2000 साली अमेरिकेतल्या काही मानसशास्त्रज्ञांनी विद्यार्थ्यांना लाज वाटेल असं चित्र असलेला टीशर्ट घालायला लावून इतरांच्या खोलीत पाठवलं होतं. घालणाऱ्यांना वाटलं, जवळजवळ निम्म्या लोकांच्या ते लक्षात आलं. प्रत्यक्षात पावभर लोकांच्याही आलं नव्हतं. तुमच्या वर्गातही पंचवीसमधल्या चार-पाच जणांनी पाहिलं असेल आणि त्यातल्या एकाला तुमची काळजी वाटली. पुढच्या वेळी "हॉट फ्लश आहे, दोन मिनिटांत जाईल, तो पंखा जरा वाढव" असं सांगून बघा. मी पहिल्यांदा म्हटलं तेव्हा आवाज कापला होता. समोरच्या बाई म्हणाल्या, "अय्या, तुम्हालापण?" आणि पर्समधून पंखा काढून माझ्या हातात दिला.

बहिणीचं म्हणणं निम्मं खरं आहे. चारातल्या तीन बायकांना हे होतंच. पण वारंवार हॉट फ्लश येणाऱ्या बायकांचा अमेरिकेत वर्षानुवर्षं पाठपुरावा झाला, तेव्हा त्यांतल्या निम्म्या जणींना ते सात वर्षांहून जास्त काळ येत राहिले असं दिसलं. सात वर्षं सहन कर, हा काही सल्ला नव्हे. झोप मोडत असेल, कामावर परिणाम होत असेल तर स्त्रीरोगतज्ज्ञांना भेटा. संप्रेरकांचे उपचार आहेत, ते ज्यांना चालत नाहीत त्यांच्यासाठी दुसरी औषधं आहेत, विचारांवर काम करणारी मानसोपचार पद्धतही आहे. तुम्हाला काय योग्य ते तुमचा पूर्वेतिहास बघून डॉक्टरच ठरवतील. घामासोबत ताप असेल, वजन आपोआप उतरत असेल, छाती सतत धडधडत असेल तर थायरॉइड वगैरे तपासून घ्यायला हवं. सगळं मेनोपॉजच्या खात्यावर टाकू नका. सलग बारा महिने पाळी आली नाही की मगच ती गेली असं मानतात. तुमचे सात झालेत, तेव्हा मध्येच आली तर घाबरू नका. बारा महिने उलटल्यावर मात्र थोडासाही रक्तस्राव झाला तर लगेच दाखवा.

सगळं एका दिवसात बदलायला जाऊ नका, त्यात खर्च फार आणि उत्साह आठवड्यात संपतो. या रविवारी कात्री घेऊन बसा, त्या राखाडी कुडत्याचं अस्तर उसवा आणि तो घरी घालून बघा. श्रग धुऊन, घडी करून हिवाळ्याच्या कपड्यांत ठेवा. काय झालं ते मला कळवा.